राखायचा तो सडा : कोकणातल्या कातळशिल्पांविषयी प्रस्तावना

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा हा हत्ती जांभ्या कातळात रेषा खोदून काढलेला आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी, पक्षी, मासे दाटीवाटीने कोरलेले आहेत. त्याच्या अगदी शेजारी उभे राहिले तरी हत्ती दिसत नाही. पायाशी एक उथळ रेषा दिसते, ती लांबवर वळत जाते, मध्येच गवतात हरवते आणि पलीकडे पुन्हा वर येते. सगळी रेषा चालून पाहावी किंवा उंचावरून फोटो काढावा, तेव्हा कुठे सोंड, पाय, पाठ यांचा मेळ बसतो. कोकणातल्या कातळशिल्पांची थोरवी आणि त्यांची अडचण, दोन्ही या एका हत्तीत दिसतात. ही शिल्पे उभी नाहीत, आडवी आहेत. मंदिराला भिंत असते, लेण्याला दार असते, किल्ल्याला तट असतो. सड्यावरच्या चित्राला यातले काहीच नाही. चित्र कुठे संपते आणि साधा कातळ कुठे सुरू होतो, हे सांगणारी खूण जमिनीवर नसते. म्हणून या वारशाचे रक्षण करताना पहिला प्रश्न ‘कसे राखायचे’ हा नसून ‘काय राखायचे’ हा आहे. त्याला या प्रस्तावनेचे उत्तर असे आहे की राखायचा तो सडा. एकेक आकृती मोजून तिच्याभोवती कुंपण घालणे हे रक्षणाचे सोंग ठरते. कातळ, त्यावरचे पाणी, आजूबाजूची मातीची भरणी आणि गावाचा त्या जागेशी असलेला व्यवहार हे सगळे मिळून जे होते, ते राखले तरच चित्र राहते.

सडा म्हणजे काय, हे म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या माणसाला सांगावे लागत नाही. खाडीतून चढण चढून वर आले की माथ्यावर सपाट, काळसर, भाजलेल्या विटेसारखा कातळ लागतो तो सडा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर लाखो वर्षे पाऊस झाला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले आणि जांभा तयार झाला. त्याचा वरचा पापुद्रा उन्हापावसाने टणक होतो आणि खालचा दगड त्या मानाने मऊ असतो. या पापुद्र्यावर कठीण हत्याराने ठोकत रेषा काढता येते आणि काढलेली रेषा टिकते, हे कुणाच्या तरी फार पूर्वी लक्षात आले. कुठे नुसती बाह्यरेषा खोदली आहे, कुठे आकृतीभोवतालचा भाग खरवडून आकृती उठावात ठेवली आहे. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ आकृत्यांनी भरलेला एक मोठा चौकोन आहे, त्याचा अर्थ अजून कुणी निर्विवादपणे लावलेला नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीचे स्थळ गावकरी बाहुल्यांचे टेंब म्हणून ओळखतात. या साऱ्या स्थळांवर हत्ती, वाघ, हरणे, मोर यांच्याबरोबर पाखट, शार्क आणि कासवेही आहेत. समुद्र आणि रान दोन्ही ज्यांच्या रोजच्या पाहण्यात होते, अशा माणसांची ही कामे आहेत. काही ठिकाणी गेंडा दिसतो. तो आज कोकणात कुठेच नाही.

ही शिल्पे कुणाला ठाऊकच नव्हती असे म्हणणे गावकऱ्यांवर अन्याय करणारे आहे. गुरे चारणाऱ्याला, जळण गोळा करणाऱ्या बाईला ती ठाऊक होती. गावोगावी ती पांडवांच्या नावावर जमा होती, काही ठिकाणी त्यांना नारळही मिळत असे. विद्येच्या नोंदवहीत मात्र ती फार उशिरा आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तुरळक नोंदी झाल्या, सिंधुदुर्गात अभ्यासक सतीश लळीत यांनी कुडोपीची दखल घेतली, आणि गेल्या दीड दशकात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनी रत्नागिरी जिल्ह्यातले सडे अक्षरशः पायाखाली घातले. राज्य पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी या कामाला सरकारी आधार दिला. नोंदवलेल्या आकृत्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ स्थळे आली : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ. यादी वाचताना रायगडच्या वाचकाला एक गोष्ट खटकायला हवी. ती सावित्री नदीच्या दक्षिणेला सुरू होते आणि गोव्यात जाऊन थांबते. जांभा मात्र बाणकोटच्या खाडीपाशी थांबत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

ही चित्रे विधीसाठी काढली होती का, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो आणि त्याला उत्तर देताना लेखकाने संयम पाळायला हवा. कुणी लिहून ठेवलेले नाही. जे म्हणता येते ते अनुमान आहे, पण अनुमानालाही पाया असतो. एक, आकार. जी आकृती काढणाऱ्यालाही एका नजरेत दिसत नाही ती निव्वळ पाहण्यासाठी काढलेली नसावी. ती काढणे, तिच्यावरून चालणे, तिच्यापाशी जमणे यालाच काही मोल असावे. दोन, जागा. उघडा सडा राहण्यासाठी सोयीचा नाही. उन्हाळ्यात तो तापतो, पावसाळ्यात वारा झोडपतो, माती नाही म्हणून पीक नाही. माणसे राहत होती ती खाली, पाण्याच्या कडेला. चित्रे काढायला ती वर आली. तीन, पुनरावृत्ती. त्याच त्या आकृत्या, त्याच भौमितिक चौकटी एकमेकांपासून दूर असलेल्या गावांत दिसतात, म्हणजे यात एकट्यादुकट्याची लहर नाही, ठरलेली रीत आहे. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर ही समूहाने काही निमित्ताने वापरलेली स्थळे असावीत, असे म्हणणे वाजवी ठरते. आणि तसे असेल तर एक महत्त्वाचा निष्कर्ष आपोआप निघतो. विधीची जागा म्हणजे केवळ मूर्ती नव्हे. खालून वर येण्याची वाट, जमण्याचे मोकळे आवार, पाण्याचे कुंड, समोर दिसणारा समुद्र हे सगळे त्या जागेचे अवयव असतात. विधी मानायचा आणि राखायची मात्र १८ मीटरची चौकट, हे तर्काला धरून नाही.

काळाचा प्रश्नही याच दिशेने नेतो. कातळातल्या रेषेचे वय थेट काढणे अवघड आहे, कारण कार्बन पद्धतीला लागणारा सेंद्रिय अंश उघड्या खोदकामात शिल्लक राहत नाही. चित्रांत शेतीची दृश्ये नाहीत, शिकारीचे प्राणी आहेत, या आधारावर गर्गे यांनी ही चित्रे ख्रिस्तपूर्व दहा हजार वर्षांच्या आसपासची असावीत असे मत मांडले. यावर आक्षेप घेता येतो आणि घ्यावाही. चित्रात नांगर नाही म्हणून शेती नव्हती असे ठरत नाही. देवळाच्या भिंतीवर भाताची लावणी कोरलेली नसते, म्हणून देऊळ बांधणारे भात खात नव्हते असे कुणी म्हणत नाही. सगळी चित्रे एकाच काळातली असतील असेही नाही. हा वाद सुटायचा असेल तर पुरावा चित्राच्या आत मिळणार नाही, चित्राच्या बाजूला मिळेल : कातळाच्या खळग्यांत साचलेल्या मातीच्या थरांत, सड्यावर विखुरलेल्या दगडी हत्यारांत, उतारावरच्या गुहांत, खालच्या झऱ्याकाठच्या जुन्या वस्तीत. माती शेवटची उन्हात कधी होती हे सांगणाऱ्या पद्धती आज उपलब्ध आहेत, पण त्यांना अस्पर्श माती लागते. जेसीबीने एकदा माती उलथली की चित्र जागच्या जागी शाबूत असले तरी त्याचे वय कायमचे हरवते.

विदर्भातली शिलावर्तुळे याचा धडा देतात. मोठे धोंडे वर्तुळात मांडून आत माती आणि मुरमाचा भराव घातलेली ही लोहयुगीन दफनस्थळे नागपूर परिसरात विपुल आहेत. जुनापाणीच्या वर्तुळांत एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने खोदकाम केले होते. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड येथे शास्त्रीय उत्खनने केली. मृतांबरोबर पुरलेले घोडे, तांब्याचे दागिने, लोखंडी हत्यारे मिळाली. पण ही माणसे लोखंड स्वतः गाळत होती याचा पुरावा, म्हणजे लोखंड गाळायची भट्टी, नैकुंडला मिळाली ती वर्तुळात नव्हे. ती मिळाली त्याच गावच्या प्राचीन वस्तीच्या जागी. नुसती वर्तुळे राखून वस्तीची पांढरी माती कुणी विटांसाठी उचलून नेली असती, तर एका समाजाचे मरण आपल्याला कळले असते आणि त्याचे जगणे कळले नसते. कातळशिल्पांबाबत आपण अजून वर्तुळे मोजण्याच्याच टप्प्यावर आहोत. भट्टी कुठे आहे याचा शोध व्हायचा आहे, आणि तोवर ती जागा राहायला हवी.

आता नाश कसा होतो ते पाहू, कारण उपाय नाशाच्या जातीवर अवलंबून असतो. कोकणात कातळशिल्प कुणी द्वेषाने फोडत नाही. चिरेखाण सुरू होते तेव्हा आधी वरचा टणक थर काढून टाकतात, कारण बांधकामाचा चिरा त्याखालच्या दगडात मिळतो. चित्र नेमके त्या वरच्या थरात असते. ज्याला खाणवाला टाकाऊ समजतो, तेवढाच भाग इतिहासाच्या कामाचा. त्यानंतर मशीनचे पाते चौकोन पाडत खाली जाते, आणि पाच-सात वर्षांनी सड्याच्या जागी पाणी साचलेला आयताकृती खड्डा उरतो. दुसरी तऱ्हा बागेची. कातळावर हापूस लावायचा तर सुरुंग लावून खड्डे घेतात आणि बाहेरून माती आणून भरतात. बाग उत्तम होते, कातळ मात्र चाळणी होतो. तिसरी तऱ्हा रस्त्याची आणि प्लॉटिंगची. या तिन्ही कामांना सरकारी कागद लागतात आणि ते मिळतात, कारण कागदावर त्या जागी काहीच नसते. सातबारा उघडून पाहा : खरीप, वरकस आणि त्याखाली पोटखराबा. सडा बहुतेक पोटखराब्यात जमा असतो. पावसाळ्यात ज्या कातळावर सीतेची आसवे आणि जगात फार थोड्या ठिकाणी उगवणारी दीपकाडी अशी फुले येतात, ज्याच्या भेगांतून झिरपलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला मिळते आणि ज्याच्या पाठीवर हजारो वर्षांपूर्वीचा हत्ती आहे, त्या जागेला आपल्या महसुली कागदावर एकच शब्द मिळतो आणि त्या शब्दात ‘खराब’ आहे. नाश होतो तो या कोऱ्या रकान्यातून.

कायद्याचे हात इथपर्यंत पोचतात का? केंद्राचा १९५८चा प्राचीन स्मारके कायदा आणि महाराष्ट्राचा १९६०चा कायदा यांच्याखाली स्मारक किंवा स्थळ अधिसूचित करता येते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे, ही तरतूद २०१०च्या दुरुस्तीने पक्की झाली. राज्य सरकारनेही काही कातळशिल्पे राज्य संरक्षित करण्याचे पाऊल उचलले आहे, ते स्वागतार्ह आहे. पण हा सगळा कायदा उभ्या स्मारकाची कल्पना मनात ठेवून घडलेला आहे. म्हसळ्याच्या शेजारी, तळा तालुक्यात, राजपुरीच्या खाडीपासून जवळच कुड्याची लेणी आहेत. डोंगराच्या पोटात कोरलेली २६ लेणी, भिंतीवर ब्राह्मी लेख, दानकर्त्यांची नावे. तिथे कुणालाही सांगावे लागत नाही की हे मानवनिर्मित आहे. संरक्षणाचा फलक कुठे लावायचा, अंतर कुठून मोजायचे, हे तिथे स्पष्ट आहे. सड्यावर ते स्पष्ट नसते. आकृत्या विखुरलेल्या असतात, दोन आकृत्यांमध्ये दोनशे-तीनशे मीटर कोरा कातळ असतो, आणि त्या कोऱ्या कातळावर पुढच्या उन्हाळ्यात गवत जळाले की आणखी एक आकृती वर येते. युनेस्कोची संभाव्य यादी तर कायद्याचे संरक्षण देतच नाही. ती फक्त म्हणते की हा देश हे स्थळ पुढेमागे नामांकनासाठी मांडू इच्छितो. मात्र प्रत्यक्ष नामांकन करायचे झाले, तर तीच युनेस्को सीमा आखलेला गाभा, त्याभोवतीचे राखीव क्षेत्र आणि व्यवस्थापनाचा आराखडा मागते. म्हणजे जागतिक पातळीवर जायचे असेल तर सड्याचा विचार टाळता येणारच नाही.

जगात इतरत्रही हाच धडा वेळ आणि पैसा खर्च करून शिकावा लागला आहे. उत्तर इंग्लंडात थॉर्नबरो येथे मातीचे बांध आणि खंदक यांनी आखलेली तीन प्रचंड वर्तुळे जवळजवळ एका ओळीत आहेत. ती साडेचार हजार वर्षांहून जुनी आहेत आणि प्रत्येकाचा व्यास सुमारे २४० मीटर आहे. ती ना किल्ले आहेत ना गावे. माणसे तिथे विधीसाठी जमत असावीत, असे मानले जाते. वर्तुळांना कायद्याचे संरक्षण होते, पण भोवतालच्या मैदानात वाळू-खडीच्या खाणी वर्षानुवर्षे चालल्या. खाण वाढवण्याच्या प्रस्तावांवरून तिथे मोठा संघर्ष झाला, आणि अखेर २०२३ साली त्यातली दोन वर्तुळे जमीनमालक कंपन्यांनी राष्ट्राच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी तिसरेही सार्वजनिक मालकीत आले. वर्तुळे वाचली, सभोवतालच्या मैदानातला खणला गेलेला भाग परत येणार नाही. दक्षिण इंग्लंडातल्या स्टोनहेंजचे संरक्षण १८८२च्या कायद्यापासून आहे, तरी १९८६ साली जागतिक वारसा ठरवताना केवळ दगडांचे कडे न धरता आसपासच्या थडग्यांचे उंचवटे आणि खंदकांसह सारे मैदान धरण्यात आले. आपल्याकडेही हा विचार आता परका राहिलेला नाही. २०२५ साली जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत रायगड आणि खांदेरी हे आपल्या जिल्ह्यातले दोन आहेत, आणि त्यांची नोंद सुट्या किल्ल्यांची म्हणून न होता मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाची म्हणून झाली आहे. किल्ल्यांना जे तत्त्व लागू झाले ते सड्याला का लागू होऊ नये?

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा, आणि तो सर्वात वजनदार आहे. सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. म्हसळ्यासारख्या तालुक्यात मालक मुंबईला किंवा आखातात असतो, सातबाऱ्यावर वीस नावे असतात, आणि त्या कातळाचे चार पैसे पहिल्यांदाच चिरेखाणीमुळे किंवा विक्रीमुळे मिळणार असतात. त्याला हजारो वर्षांचा इतिहास सांगून गप्प करणे सोपे आहे, न्याय्य नाही. बारसूचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. २०२२च्या जानेवारीत राज्य सरकारने तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूची जागा केंद्राला सुचवली, त्याच वर्षी बारसूचे कातळशिल्प संभाव्य वारसा यादीत गेले, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा सड्यावर आंदोलन आणि पोलीस समोरासमोर उभे राहिले. प्रकल्प चांगला की वाईट हा या पुस्तकाचा विषय नाही. एवढे मात्र म्हणायला हवे की चित्रांचा प्रश्न जागा निवडताना विचारला गेला असता, तर तो भांडणाचे हत्यार झाला नसता. आधी जागा ठरवायची आणि मग वारसा आठवायचा, यात वारसाही हरतो आणि गुंतवणूकही. पोटाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सगळ्या खाणी बंद करा असे कुणी म्हणत नाही. कोकणातली घरे चिऱ्याचीच राहणार. मागणी एवढीच आहे की परवानगी देण्यापूर्वी कातळ चालून पाहावा. जांभा हे गौण खनिज आहे. परवाना महसूल खात्याकडून जातो, म्हणजे अट घालण्याची जागा तयार आहे. आणि जिथे आकृती मिळाली तिथे मालकाला खाणीचा हक्क सोडावा लागला, तर त्याचा मोबदला समाजाने द्यावा. वारसा सगळ्यांचा आणि तोटा एकट्याचा, हा हिशेब टिकणार नाही.

दुसरा आक्षेप सरकारच्या ताकदीचा. किल्ल्यांना पहारेकरी पुरत नाहीत, मग सडेच्या सडे कोण राखणार? हा आक्षेप एकेक आकृती राखण्याच्या कल्पनेला लागू पडतो, सडा राखण्याच्या कल्पनेला नाही. दीड हजार आकृत्यांना दीड हजार कुंपणे आणि तेवढेच चौकीदार कधीच मिळणार नाहीत. शिवाय कुंपण सड्याला मानवत नाही. साताऱ्याच्या कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात समावेश झाला; ते ओळखले जाते ते तिथल्या कातळावरच्या फुलांमुळे. गर्दी आवरायला तिथे कुंपण घातले, गुरे थांबली, आणि पुढे फुलांवरचा परिणाम लक्षात आल्यावर ते काढावे लागले. चरणारी गुरे आणि चालणारा गुराखी हे सड्याचे शत्रू नव्हेत. ते रोज तिथे असतात, आणि जेसीबी आला तर पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या कातळावरच्या हत्तीची जबाबदारी स्वतः उचलली, त्यातून दिसते ते हेच. गावाचा चराईचा, जळणाचा, जत्रेचा, पाण्याचा हक्क तसाच ठेवायचा आणि बंदी घालायची ती फक्त कातळ फोडण्यावर. अशी साधी, एका वाक्यात सांगता येणारी अट ग्रामसभा राखू शकते.

तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो, आणि तो वारशाच्या मित्रांकडून येतो. गाजावाजा केला की पर्यटक येतात, चित्रावर बूट घालून नाचतात, रेषांत खडू भरून फोटो काढतात. त्यापेक्षा ठिकाणे गुप्त ठेवलेली बरी, असे ते म्हणतात. भीती खोटी नाही. पेरूमधल्या नास्काच्या रेषा १९९४पासून जागतिक वारसा आहेत. २०१४च्या डिसेंबरात तिथे ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे कार्यकर्ते, हेतू चांगला असूनही, हमिंगबर्डच्या चित्राशेजारी फलक मांडायला गेले आणि त्यांच्या पावलांचे ठसे त्या जमिनीत उमटून राहिले. पण त्याच नास्कात एका सरड्याच्या चित्रातून महामार्ग गेला, तो चित्रांना प्रसिद्धी मिळण्यापूर्वी. गुप्ततेने पर्यटक थांबतो, रस्ता थांबत नाही. कोकणात आजवर जे गेले ते पाहायला आलेल्यांनी नेलेले नाही. यंत्र चालवणाऱ्याला, परवाना देणाऱ्याला आणि जमीन विकणाऱ्याला तिथे काही आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून ते गेले. तेव्हा बाहेरच्यांसाठी वाटाड्या आणि ठरलेली पायवाट हवी, गावासाठी आणि कचेरीसाठी मात्र पूर्ण माहिती हवी. लपवायचेच असेल तर समाजमाध्यमांवरचा नकाशा लपवावा, तलाठ्याचा नकाशा लपवू नये.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो इथल्या वाचकाचा स्वतःचा आहे. युनेस्कोच्या यादीत म्हसळा नाही, श्रीवर्धन नाही, तळा-माणगाव नाही. मग या तालुक्यात या विषयाची उठाठेव कशासाठी? याचे उत्तर रत्नागिरीने देऊन ठेवले आहे. २०१० साली कुणी रत्नागिरीतल्या कातळशिल्पांची यादी मागितली असती तर ती एका पानात मावली असती. दगड तोच होता, चित्रे तीच होती. फरक पडला तो कुणीतरी सडे चालून पाहिल्याने. जांभा सावित्री ओलांडून उत्तरेला येतो, श्रीवर्धन तालुक्यात त्याच जातीच्या कातळातून बॉक्साइट निघते, आणि कुड्याची लेणी साक्ष देतात की राजपुरीची खाडी दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी आणि व्यापाराने गजबजलेली होती. त्याआधी इथे माणूस नव्हता असे मानायला काही आधार नाही. दुसरीकडे या पट्ट्यावरचा ताण वाढतो आहे. दिघी बंदर, माणगाव-म्हसळा-दिघी रस्ता, २०२४ साली केंद्राने मंजूर केलेली दिघीची औद्योगिक वसाहत, सागरी महामार्ग : या सगळ्यांना खडी, चिरे आणि सपाट जमीन लागणार, आणि सपाट जमीन इथे सड्यावरच आहे. ही कामे व्हावीत. पण रत्नागिरीत चित्रे आधी सापडली आणि ताण नंतर आला, म्हणून निदान वाद तरी होऊ शकला. इथे ताण आधी आला, तर वादही होणार नाही; काय गेले हे कुणाला कळणारच नाही.

म्हणून मागणी मोठी नाही, पण तिचा क्रम महत्त्वाचा आहे. फाल्गुन ते वैशाख, गवत वाळून कातळ उघडा पडतो त्या दिवसांत, तालुक्यातला प्रत्येक सडा तलाठी, ग्रामपंचायत, पुरातत्त्व विभागाचा माणूस आणि त्या सड्यावर गुरे नेणारा गावकरी यांनी मिळून चालून पाहावा. जे दिसेल त्याचे माप, फोटो आणि ठिकाण नोंदवावे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याचा शेरा पडावा, म्हणजे जमीन विकली तरी नोंद जमिनीबरोबर जाईल. ही पाहणी झाल्याशिवाय त्या सड्यावर चिरेखाणीचा परवाना किंवा बिनशेती परवानगी देऊ नये. जिथे आकृत्या मिळतील तिथे गावाच्या संमतीने सड्याची सीमा आखावी, आकृतीची नव्हे. पुढील पानांत आकृत्यांची वर्णने आहेत, मापे आहेत, कायद्याची कलमे आहेत, मतभेदही आहेत. ती वाचून कुणी कशेळीला किंवा देवीहसोळला गेला तर चांगलेच. पण हे पुस्तक त्याहून जवळच्या जागेसाठी आहे. वाचकाने येत्या उन्हाळ्यात आपल्याच गावचा सडा एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात चालून पाहावा, काही रेषा दिसल्या तर त्यावर पाय न देता फोटो काढावा आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. संरक्षणाची सुरुवात त्या पोचपावतीपासून होईल.